आखितीच्या थरातली काच

१

सोनईच्या कचरा शेडमध्ये खत चाळताना लंकाबाईचा तळहात काचेनं फाटला, आणि ही बातमी सरपंच ज्ञानेश्वररावांनी मला फोनवर अशा सुरात दिली, जणू काच मीच नेऊन टाकली होती. हाताला टाके पडले होते. वर आणखी एक भानगड झाली होती. त्याच हौदातलं खत आधी एका शेतकऱ्यानं नेलं होतं, त्यातही तुकडे निघाले आणि त्यानं सगळ्या गोण्या परत आणून ग्रामपंचायतीच्या दारात ओतल्या.

मी लीना. नगरला स्वच्छता निरीक्षक होते. निवृत्त झाले, पण कचऱ्यानं काही माझी पाठ सोडली नाही. सोनईत ओला-सुका वेगळा करायची योजना आली तेव्हा बायकांना शिकवायला मला बोलावलं, आणि मी अजूनही दर मंगळवारी भिंगारहून एसटीनं जाते. खरं सांगायचं तर घरी बसून करू काय? दोन खोल्यांत भिंतींशी बोलायचा कंटाळा येतो. एकट्या बाईचा कचरा तो केवढा, चहाचा चोथा आणि भेंडीची चार देठं. माझी बादली भरायला आठवडा लागतो, आणि ती रिकामी करताना दर वेळी मला वाईट वाटतं, हे कुणाला सांगत नाही एवढंच.

मंगळवारची वाट न बघता मी दुसऱ्याच दिवशी गेले. लंकाबाई शेडच्या पायरीवर पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसली होती. शेड तिच्या ताब्यात. सुका कचरा टेबलावर पसरून चारजणी हातानं निवडतात. ओला मात्र थेट हौदात जातो. तो हौद भरणं, पाणी मारणं आणि शेवटी खत चाळणं ही कामं लंकाबाईची, आणि त्यावरच तिचं घर चालतं.

ज्ञानेश्वररावांनी मामला थोडक्यात सांगितला. रविवारी ग्रामसभा होती. काच कुणाच्या घरची हे तोवर कळलं तर त्या घराला समज देऊन विषय संपवता येईल. नाही कळलं तर निष्काळजीपणाचा ठपका लंकाबाईवर, तिला काढायचं आणि शेड बंद. मग पूर्वीसारखा सुनीलचा ट्रॅक्टर सगळा कचरा एकत्र उचलणार, गावाबाहेरच्या खड्ड्यात ओतणार आणि काडी लावणार. हा सुनील तिथंच ट्रॅक्टरला टेकून उभा होता, आणि त्याचा चेहरा लग्न ठरल्यासारखा खुलला होता. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

लंकाबाई मला एवढंच म्हणाली, "बाई, हात बरा व्हईल. काम तेवढं जाऊ देऊ नका."

मी तुकडे धुऊन उन्हात मांडले. बाटलीची काच नव्हती, बल्बचीही नव्हती. हिरव्या बांगड्या होत्या. मग पदर खोचला आणि हौदाचा तो कोपरा स्वतः चाळायला घेतला. चाळणीत आणखी काही राहिलं, ते मी बोटानं पुसून पाहिलं. काळे मणी होते.

२

बांगडी कुठंही फुटते. नळावर फुटते, दळणाच्या डब्यावर फुटते. पण हिरव्या बांगड्यांच्या ढिगात मंगळसूत्राचे काळे मणी निघाले की ते आपोआप फुटलेलं नसतं. सोन्याचा कणही त्यात नव्हता. वाट्या कुणीतरी आधी काढून घेतल्या होत्या.

सुनीलवर माझा संशय होता, हे मी लपवणार नाही. शेड बंद पडली तर फायदा त्याचा. मी त्याला तोंडावरच विचारलं. तो उखडला. म्हणाला, मला करायचं असतं तर चार बाटल्या फोडून सगळ्या हौदांत भिरकावल्या असत्या, बांगड्या कशाला गोळा करू? बोलला फाटक्या तोंडानं, पण बरोबर बोलला. काच सगळ्या हौदांत नव्हती. एकाच हौदात, एकाच कोपऱ्यात, एका जागी होती. शेतकऱ्याच्या गोणीत गेले ते त्याच कोपऱ्यातून उपसलेल्या खताबरोबर गेलेले चार तुकडे.

शिवाय ती नुसती फेकलेलीही नव्हती. तुकड्यांभोवती केळीच्या पानाच्या काळ्या पडलेल्या शिरा चिकटल्या होत्या आणि एक सोपटाची गाठ शिल्लक होती, म्हणजे केळीच्या बुंध्याची सुकी साल सोलून दोरीसारखी बांधलेली. कुणीतरी पुरचुंडी केली होती. घातपात करणारा माणूस काच केळीच्या पानात गुंडाळून देत बसत नाही. आणि निष्काळजी माणसाच्या हाताला प्लॅस्टिकची पिशवी आधी लागते. हिनं पिशवी टाळली होती, कारण ओल्यात पिशवी दिसली की घंटागाडीवाला बादली परत करतो. योजनेचे नियम तोंडपाठ असलेल्या घरातली ही पुरचुंडी होती.

आता कधीची? हौद थरावर थर चढवत भरतो. पुरचुंडीच्या थरात आंब्याच्या कोया होत्या, वर आणखी होत्या, खाली मात्र एकही नव्हती. आमच्याकडे आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांना आंबा दाखवल्याशिवाय जुन्या वळणाच्या घरात आंबा कापत नाहीत. म्हणजे ही काच आखितीच्या आगेमागे हौदात पडली. आणि त्या हौदात फक्त वेशीजवळच्या आळीचा कचरा येतो.

आळी कळली, वेळ कळली. नवरा गेलेली बाई शोधायची राहिली. मी ज्ञानेश्वररावांना विचारलं, आखितीच्या सुमाराला त्या आळीत कोण वारलं?

ते म्हणाले, कुणीच नाही.

३

मी ते तुकडे घेऊन कारभारी कासाराकडे गेले. गावातल्या बायकांच्या हातात बांगड्या भरता भरता म्हातारा झालेला माणूस. खरं तर तोही माझ्या यादीत होता. फुटका माल कासाराकडं असतोच, आणि तो कुठंतरी टाकावा लागतोच. पण त्यानं स्वतःच्या फुटक्या मालाची पाटी माझ्यापुढं सरकवली. लाल, पिवळ्या, जांभळ्या, सगळ्या मापांच्या, आणि एकही हातात न गेलेली. माझ्या हातातल्या सगळ्या हिरव्या, एकाच मापाच्या, आणि आतल्या अंगानं झिजलेल्या. सोनेरी ठिपके घासून गेले होते. या कष्टाच्या हातातल्या होत्या.

कारभारीनं एक तुकडा डोळ्यांजवळ धरला आणि त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, पडून झडून फुटतात त्या एक-दोन, दोन्ही हातांच्या सगळ्या फुटत नाहीत. "ह्या फुटलेल्या न्हाईत, बाई. ह्या वाढवल्यात."

नवरा गेल्यावर बांगड्या फोडल्या असं आपण म्हणत नाही, वाढवल्या म्हणतो. तो शब्द ऐकल्यावर मी हातातले तुकडे अलगद पदरात ठेवले. असले तुकडे कुणी घरी आणत नाही, असंही तो म्हणाला. ते नदीकाठी जिथल्या तिथं राहतात. मग ही कुठली बाई, जिच्या घरी मयत नाही, दारात माणसं जमली नाहीत, आणि जिनं स्वतःच्या परसात हे उरकून कचऱ्याच्या बादलीत टाकलं?

निघताना मी सहज विचारलं, वेशीजवळच्या आळीतल्या सगळ्या तुमच्याकडंच भरतात ना? व्हय, म्हणाला. गोरक्षची बायको चांगुणा सोडून. ती संक्रांतीला भरून गेली, ती अजून फिरकली नाही. पोरीच्या बांगड्या लई टिकल्या म्हणायच्या.

४

वेशीजवळच्या आळीत केळी दोनच घरी. मीच लावायला सांगितल्या होत्या, मोरीचं सांडपाणी रस्त्यावर येऊ नये म्हणून. एक बनुबाईच्या परसात, दुसरी चांगुणाच्या.

बनुबाई एकटी राहते. विधवा होऊन जमाना झाला, हात ओकेबोके. तिनं मला बसवून घेतलं, चहा केला, मग पुन्हा चहा केला, गुडघ्याचं सांगितलं, मुंबईच्या भाच्याचं सांगितलं. मी उठायला लागले की नवा विषय काढायची. मला तिचा राग आला नाही. मीसुद्धा गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाला असंच धरून ठेवते. केळीचं विचारलं तर म्हणाली, ती गुढीपाडव्याच्या वावटळीत बुडासकट आडवी झाली आणि शेजाऱ्यांच्या शेळ्यांनी चघळली. म्हणजे आखितीला तिच्याकडं ना पान होतं, ना सोपट.

राहिलं चांगुणाचं घर. तिथं जायला माझे पाय कचरत होते, कारण आळीत तिच्यासारखा कचरा कुणी देत नाही. दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन वाळवून देते. शिकवताना मी तिचं उदाहरण देते.

ओसरीवर सासू लसूण सोलत होती. मोठ्या कौतुकानं मुलाबद्दल बोलली. गोरक्ष गुजरातेत ट्रकवर, दर रविवारी फोन येतो. मी विचारलं, तुमच्याशी काय बोलतो? तर म्हातारी म्हणाली, मला कानानं कमी ऐकू येतं, म्हणून चांगुणाच बोलते आणि मला सांगते. पोरगं खुशाल आहे, दिवाळीला येणार आहे.

नवरा जिवंत. दर रविवारी फोन. माझा सगळा हिशेब फिसकटला, आणि मला बरं वाटलं. अगदी हायसं वाटलं. तेवढ्यात चांगुणा पाण्याचा तांब्या घेऊन आली.

तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या. संक्रांतीला भरलेल्या बांगड्या, रोज धुणं, भांडी, खुरपणी करणारे हात, आणि सोनेरी ठिपके जसेच्या तसे चमकत होते. मी गळ्याकडं पाहिलं. मंगळसूत्राच्या वाट्या झिजून गुळगुळीत झालेल्या. काळे मणी मात्र कोरे करकरीत.

तिला मी कुठं बघतेय ते समजलं. तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, "बाई, परसात या. केळ दाखवते."

५

केळीखाली धुण्याचा दगड होता. तिनं पहिलं काय विचारलं असेल, तर लंकाबाईचा हात. टाके कधी निघतील, चिघळणार तर नाही ना, ती भाकरी थापते कशी. हात फाटल्याचं कळल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मग तिनं सांगितलं. मी फार विचारलंच नाही. आखितीच्या दिवशी, पितरांचं जेवण उरकल्यावर, गोरक्षचा फोन आला. त्यानं तिकडं दुसरीशी संसार थाटला होता. येणार नव्हता, पैसे पाठवणार नव्हता. आईला कसं सांगायचं ते तुझं तू बघ, म्हणाला. चांगुणा रडली, विनवण्या केल्या. तेव्हा तो वैतागून जे बोलला, ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं.

"म्हनले, मला मेला समज. मग मी समजले."

सासू आत झोपली होती. चांगुणानं याच दगडावर दोन्ही हात आपटले, दोरा तोडला, वाट्या काढून घेतल्या. मनगटातून रक्त आलं ते मोरीच्या पाण्यानं धुतलं. सासूला सांगितलं, पाय घसरून पडले. दुसऱ्या दिवशी नव्या काळ्या मण्यांत त्याच वाट्या ओवून गळ्यात घातल्या आणि बाजारच्या दिवशी घोडेगावला जाऊन अनोळखी कासाराकडून बांगड्या भरून आली. कारभारीकडं गेली असती तर त्यानं विचारलं असतं. तेव्हापासून दर रविवारी फोन कानाला लावायची आणि कुणाशीच नाही असं बोलायची, म्हातारीला दिसेल अशा जागी उभं राहून. "जेवलात का" म्हणायची. तिकडून कुणी नसताना "बरं बरं" म्हणायची.

मी विचारलं, सुक्यात का नाही दिलंस? काच सुक्यात जाते, तुला तर पाठ आहे.

म्हणाली, सुकं टेबलावर मांडतात. बांगड्या आणि मणी एका जागी बघितल्यावर कुठल्या बाईला कळणार नाही? ओल्याला कुणी हात लावत नाही, ते कुजून जातं, असं तिनं धरलं होतं. बांधताना काच आणि पान यांतला फरकच तिच्या ध्यानात आला नव्हता. त्या दिवशी तिच्या लेखी सगळंच कुजणारं होतं.

मळ्यात उकिरडा होता की, मी म्हटलं.

"आमच्या रानात न्हाई पाहिजे हुतं ते."

मला रडू आलं. मी निरीक्षक म्हणून लोकांना दंड लावत आयुष्य काढलं, रडायची सवय नाही, त्यामुळं धड रडताही आलं नाही. इतके आठवडे ही बाई भरल्या घरात एकटी होती. माझं एकटेपण निदान मला मोकळेपणी भोगता येतं. हिला त्यावर बांगड्या भराव्या लागत होत्या.

तिनं विनवलं, की आत्यांना, म्हणजे सासूला, कळू देऊ नका, त्या जीव सोडतील. मी वचन दिलं नाही. कशाच्या जोरावर देणार? इकडं चांगुणाचं तोंड झाकलं तर तिकडं लंकाबाईची चूल विझत होती. मी काचेचं कोडं सोडवलं होतं आणि त्याचं करायचं काय, हे मला ठाऊक नव्हतं.

६

रविवारी दुपारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात ग्रामसभा भरली. लंकाबाई पुढं बसली होती. वेशीजवळच्या आळीतल्या बायका मागं होत्या. चांगुणा सासूला धरून घेऊन आली आणि भिंतीकडं बसली.

मी काय बोलायचं ते एसटीत ठरवलं होतं. उभी राहून मी सगळं मांडलं. काच सगळ्या हौदांत नव्हती, म्हणजे सुनीलनं केलेलं नाही. ती वापरलेल्या बांगड्यांची होती, म्हणजे कासाराची नाही. पुरचुंडी बांधलेली होती, ती वरून दिसणं शक्य नव्हतं, म्हणजे लंकाबाईची यात काडीची चूक नाही. घर मला कळलं आहे, चूक हातून झाली आहे, मनानं नाही, आणि नाव मी सांगणार नाही.

गलका झाला. सुनील म्हणाला, नाव नाही म्हणजे पुरावा नाही, मॅडम आपल्या माणसांना वाचवायला लागल्यात. ज्ञानेश्वरराव वाईट माणूस नाहीत, पण समोर मतं बसली होती. ते अवघडून म्हणाले, की नाव कळल्याशिवाय त्यांचा इलाज नाही, लंकाबाईला थांबवावं लागेल. लंकाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती.

तेव्हा भिंतीकडून आवाज आला. "ती काच माझी हाय."

चांगुणा उभी होती. ज्ञानेश्वरराव समजावणीच्या सुरात म्हणाले, अगं, बांगड्यांबरोबर मणी होते म्हणतात, तुझा गोरक्ष तर खुशाल आहे ना?

"खुशाल हाय," चांगुणा म्हणाली. "दुसरीच्या घरी हाय. माझ्यापुरता गेला."

नंतर तिनं सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तेवढंच, आणि सासूच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, एकही वाक्य न गाळता. कुणी हसलं नाही. मागच्या बायकांत कुणीतरी हुंदका दिला. मला भीती वाटली की म्हातारी आता इथंच कोसळणार. पण तिनं सुनेचा हात धरला, बांगड्या मागं सारल्या आणि मनगटावरचे व्रण अंगठ्यानं चाचपले.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"आखितीपासनं, आत्या."

"आन् मला रोज गरम भाकरी वाढत हुतीस," म्हातारी म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत राहिली.

ज्ञानेश्वररावांनी घसा साफ केला. समज वगैरे देण्याची गरज त्यांना वाटली नाही. लंकाबाई कामावर राहील, शेड चालू राहील, एवढं बोलून त्यांनी पुढचा विषय घेतला. सुनील तो ऐकायला थांबला नाही.

चांगुणा सासूला घेऊन बाहेर निघाली तेव्हा बायका बाजूला सरकल्या. वाट देत होत्या की अंग चोरत होत्या, मला सांगता येणार नाही. दारात लंकाबाई उभी होती. चांगुणा तिच्या पट्टीकडं बघून थांबली आणि हात जोडायला लागली. लंकाबाईनं डाव्या हातानं ते हात खाली केले.

"हाक मारायची हुतीस की गं," ती म्हणाली. "ते एकटीनं करायचं नसतं."

आखितीनंतर चांगुणा तेव्हा पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, सगळ्यांदेखत. लंकाबाईनं तिला धरून ठेवलं, मग म्हातारीचा दुसरा हात धरला, आणि तिघी पायऱ्या उतरून आळीकडं चालू लागल्या. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले आणि मग नगरची एसटी पकडायला स्टँडवर गेले.